देवाने माफ केलं म्हणतो, मग आमचं काय? (पश्चात्ताप आणि क्षमा)

वाडीवाला
सध्या आमचा उपवासकाळ चालू आहे, म्हणून हा विषय डोक्यात जास्त घोळतोय. मालमत्तेचा सल्ला नको आहे, त्यासाठी वकील आहे. प्रश्न श्रद्धेचा आहे.

आम्ही वसईचे कॅथलिक. आजोबांची केळीची वाडी बाबा आणि काका यांच्यात सामायिक होती. बाबा इस्पितळात असताना चुलतभावाने त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्रावर सही घेतली, "घरपट्टीच्या कामासाठी" म्हणून. वाडी बिल्डरला गेली. आमच्या हिश्श्याचे त्या वेळच्या भावाने २० लाख तरी व्हायचे. हातात जे आलं त्यात बाबांचं औषधपाणीही भागलं नाही. बाबा गेले.

आता हा भाऊ एका प्रार्थना संघात जातो. दारू सोडली, ते चांगलंच झालं. मागच्या महिन्यात त्याने तिथे स्टेजवर साक्ष दिली: "मी माझ्या रक्ताच्या माणसांना फसवलं, पण प्रभूने माझं सगळं धुऊन टाकलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ मला व्हॉट्सॲपवर आला, तोही तिसऱ्याच माणसाकडून.

बायको म्हणते, माफ करून टाका, तुमचीच झोप उडते. आई म्हणते, आधी त्याला पायरीवर येऊन बसू दे. माझा प्रश्न असा की याला पश्चात्ताप म्हणायचं का? आणि तो नसेल तर ख्रिस्ती माणूस म्हणून मी क्षमा करायला बांधील आहे का?

तिसरी_घंटा
टाळ्या पडल्या म्हणजे दस्त नोंदवला गेला, असं समजायचं असतं का?

नगरी_मिरची
वाडीवाला, तुमच्या भावाला जक्कयाची गोष्ट वाचायला द्या, बायबलात लूक १९. यरीहोचा मुख्य जकातदार. येशू त्याच्या घरी जेवायला गेला म्हणून सगळं गाव कुरकुरत होतं. तेव्हा हा उभा राहून काय म्हणाला? "प्रभू, मला फार वाईट वाटतंय" असं नाही म्हणाला. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो, असं म्हणाला. आज या घराला तारण झालं, हे येशूचं वाक्य त्याच्या *नंतर* येतं.

त्याआधी मोशेच्या नियमशास्त्रातही हिशेब स्पष्ट आहे. गणना ५: पाप कबूल करायचं, मुद्दल पूर्ण फेडायचं आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. लेवीय ६ मध्ये तर दोषार्पण ज्या दिवशी वाहायचं त्याच दिवशी मालकाची वस्तू मालकाला द्यायची असं आहे. वेदीचा हिशेब आणि मालकाचा हिशेब एकाच दिवशी.

आमच्या आजी नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेल्या. त्या म्हणायच्या, चोरलेली कोंबडी पोटात ठेवून स्तोत्र म्हणू नये, मधेच आरवते.

तिसरी_घंटा
आजींचं वाक्य ढापलं. परत करणार नाही.

जोशीबुवा
बाहेरचा माणूस म्हणून विचारतो, राग नसावा. तुमच्याकडे ही सोय फारच सुटसुटीत वाटते. शनिवारी जाळीमागच्या फादरना सांगायचं, दहा प्रार्थना म्हणायच्या, रविवारी पाटी कोरी. सोमवारपासून पुन्हा सुरू. चुलतभावाने जरा मोठ्या प्रमाणावर तेच केलं, एवढंच.

मांडवीतीर
जोशीबुवा, राग नाही, हा प्रश्न आम्हाला लहानपणापासून विचारला जातो. आमच्या गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. कागदावर तरी ते तुम्ही म्हणता तितकं स्वस्त नाही. आधी स्वतःचं मन तपासायचं, मग मनापासून दुःख हवं, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, मग कबुली आणि शेवटी फादर सांगतील ते प्रायश्चित्त. निश्चयच नसेल तर पाद्रीने कितीही मोठा क्रूस काढला तरी उपयोग शून्य.

वाडीवाल्यांच्या मुद्द्यावर तर कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात सरळ लिहिलंय, परिच्छेद १४५९. पापमुक्तीने पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करायचं, बदनामी केली असेल तर नाव परत मिळवून द्यायचं, जखम केली असेल तर भरपाई द्यायची. आमचे जुने पाद्री तर विचारायचेच, "परत दिलंस? नाही? मग आधी ते कर, नंतर ये."

आता लोक काय करतात हा वेगळा विषय. आमच्या गावात पाद्री प्रत्येकाला आवाजावरून ओळखतो, म्हणून लोक मोठी पापं सांगायला शेजारच्या गावच्या चर्चला जातात. आणि तिथे शेजारच्या गावचे लोक आमच्या चर्चकडे येताना वाटेत भेटतात.

तिसरी_घंटा
आणि उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून पापलेट तळून खाणारे आमचे वसईचे मित्र? तेवढी खडतर तपश्चर्या मलाही जमेल.

वाडीवाला
पापलेटचा भाव बघितलात का? तेच प्रायश्चित्त आहे.

ओसाडगावकर
अवांतर: फादरने ऐकलेलं खरंच कुणाला सांगता येत नाही का? पोलिसांनी विचारलं तरी?

मांडवीतीर
नाही. फोडलं तर त्याला चर्चमधून बहिष्कृत व्हावं लागतं. प्रागमध्ये १३९३ मध्ये जॉन नेपोमुक नावाच्या धर्मगुरूला राजाने नदीत बुडवून मारलं. राणीची कबुली सांगायला नकार दिला म्हणून, अशी परंपरा आहे. इतिहासकार म्हणतात की खरं भांडण एका मठाच्या नेमणुकीवरून होतं. पण पुतळे त्याचे ओठांवर बोट ठेवलेले.

नवा_जन्म
मी प्रार्थना संघातलाच आहे (वाडीवाल्यांच्या भावाच्या नव्हे), म्हणून दुसरी बाजू मांडतो.

तुम्ही सगळे तारणाला पावती जोडताय. इफिसकरांस पत्र, अध्याय २: कृपेने, विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालं आहे, कर्मांनी नाही. वधस्तंभावर येशूच्या शेजारी टांगलेल्या चोराने कुणाला काय परत केलं? काहीच नाही. "माझी आठवण ठेव" एवढंच म्हणाला आणि त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. तो भाऊ स्टेजवर उभा राहून "मी फसवलं" म्हणाला. आपल्यापैकी किती जणांनी शंभर माणसांसमोर असं म्हटलंय? दारू सुटली. त्याच्या घरात फरक पडला असेलच. आतलं काम देव करतो, बाहेरचं हळूहळू येतं. आपण त्याच्या हृदयाचे ऑडिटर कधीपासून झालो?

नगरी_मिरची
नवा_जन्म, चोराचे हात खिळलेले होते हो. वाडीवाल्यांच्या भावाचे मोकळे आहेत, माइक धरण्याइतके.

पण "हळूहळू येतं" हा तुमचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. जॉन न्यूटन बघा. गुलामांच्या जहाजावरचा माणूस. १७४८ च्या वादळात देवाचा धावा केला, बदलला असं स्वतःच म्हणायचा. आणि त्यानंतर १७५४ पर्यंत गुलामांचीच ने-आण करत राहिला, पुढे तर कप्तान म्हणून! जहाजावर प्रार्थना, खाली साखळदंड. त्या व्यापाराविरुद्ध जाहीर पत्रक काढलं ते १७८८ मध्ये. त्याचं भजन आज जगभर गातात. तेव्हा हळूहळू येतं हे खरं. पण त्या चाळीस वर्षांची किंमत न्यूटनने नाही भरली, जहाजाच्या तळाशी असलेल्यांनी भरली. तुमच्या "हळूहळू"चं व्याज कोण देतं, एवढंच विचारते.

बॉनहोफर नावाचा जर्मन पाळक, ज्याला नाझींनी एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिली, तो पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या क्षमेला "स्वस्त कृपा" म्हणायचा. कृपा फुकट असते, पण स्वस्त नसते.

शेवंता
इतके दिवस फक्त वाचते. आज लिहिते.

माझा नवरा मारायचा. दुसऱ्या दिवशी रडायचा, अगदी खरं रडायचा. गुडघे टेकून प्रार्थना करायचा, माझा हात धरून. मला दर वेळी वाटायचं की आता झालं. आमच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) वडीलधाऱ्यांनी मला मत्तय १८ वाचून दाखवलं: सात वेळा नाही, साताच्या सत्तर वेळा क्षमा कर. मी केली. शेवटी मुलीच्या कानाचा पडदा फाटला तेव्हा मी घर सोडलं.

रडणं खोटं नव्हतं, हे मला आजही वाटतं. पण ते स्वतःसाठी होतं. त्याला स्वतःची लाज वाटायची, ती लाज मी पुसायची, आणि ती पुसली की त्याचं काम झालं. माझ्या दुखण्याबद्दल त्याने एकदाही विचारलं नाही.

त्या अध्यायात साताच्या सत्तर वेळाच्या लगेच खाली एक गोष्ट आहे, ती मला कुणी वाचून दाखवली नाही. राजा चाकराचे दहा हजार तलांत माफ करतो, म्हणजे सात जन्मांत न फिटणारं कर्ज. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. तेव्हा राजा "साताच्या सत्तर वेळा" म्हणत नाही, माफी काढून घेतो. माझा नवरा रोज दहा हजार माफ करून घ्यायचा आणि रोज माझा गळा धरायचा.

मी क्षमा केली आहे. त्याचं वाईट व्हावं असं मनात येत नाही, यायचं ते बंद झालं. पण परत गेले नाही आणि जाणार नाही. क्षमा वेगळी, त्याच छपराखाली राहणं वेगळं. दाविदाचं ५१वं स्तोत्र आमच्याकडे पश्चात्तापाचा नमुना म्हणून शिकवतात, "तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं." दर वेळी मनात येतं, आणि उरीया, ज्याची बायको दाविदाने घेतली? त्याला तर मारून टाकलं होतं, तो कुणाकडे जाणार?

नगरी_मिरची
शेवंताताई, लिहिलंत ते बरं केलंत. उरीयाबद्दल मी इतकी वर्षं स्तोत्र म्हणूनही थांबून विचार केला नव्हता.

जोशीबुवा
माझा वरचा प्रतिसाद थट्टेच्या सुरात होता, त्यापुढे हे वाचून काही लिहवत नाही. फक्त एक. आमच्याकडेही "बाईने सोसावं" यासाठी पोथ्या उघडतात, ग्रंथ वेगळे, पानं तीच.

घाटवाट
क्षमेचं खरं उदाहरण सांगतो, कारण इथे सगळी फसलेलीच येताहेत.

सिस्टर रानी मारिया. मूळच्या केरळच्या, काम मध्य प्रदेशात उदयनगर भागात, भूमिहीन शेतमजूर आणि आदिवासींमध्ये. सावकाराच्या पाशातून लोकांना सोडवायचं, बचत शिकवायची, योजनांचे पैसे मिळवून द्यायचे. ज्यांचा धंदा बुडत होता त्यांना ते खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांना सगळ्या प्रवाशांदेखत भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली.

तुरुंगात तो सूडानेच पेटलेला होता, ज्यांनी पाठवलं त्यांनी वाऱ्यावर सोडलं म्हणून. स्वामी सदानंद नावाचे एक धर्मगुरू त्याला भेटत राहिले. मग २००२ मध्ये रानी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने आणि संस्थेने स्वतः पाठिंबा दिला. २००६ मध्ये तो सुटला. केरळला त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये रानी मारियांना "धन्य" (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्या सोहळ्यात तो हजर होता. त्यांच्या समाधीवरही जात राहिला.

माझं म्हणणं एवढंच की इथे क्षमा पश्चात्तापाच्या *आधी* आली. राखी बांधली गेली आणि मग माणूस वितळला. वाडीवाला, तुम्ही भाऊ पायरीवर येण्याची वाट बघताय. कदाचित क्रम उलटा असेल.

शेवंता
घाटवाट, तुमचं उदाहरण मोठं आहे, पण दोन गोष्टी नजरेआड करू नका. १९९५ ते २००२ ही सात वर्षं आहेत. त्या सात वर्षांत बहिणीला कुणी "आता माफ कर" म्हणून ढकललेलं नाही. दुसरं, राखी बांधताना तो गजाआड होता. तिला कुणी त्याच्याबरोबर बसमध्ये बसायला सांगितलं नव्हतं.

टोरांटोकर
+१ शेवंता. ग्लॅडिस स्टेन्सही हेच म्हणाल्या होत्या. जानेवारी १९९९, ओडिशातलं मनोहरपूर, नवरा ग्रॅहम आणि दोन मुलं, १० वर्षांचा फिलिप आणि ६ वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळले. या बाईंनी जाहीरपणे क्षमा केली, आणि मुलीला घेऊन तिथेच राहून बारीपदाच्या कुष्ठरुग्णांचं काम पुढची काही वर्षं चालवलं. २००५ मध्ये पद्मश्री मिळाली. पण खटला मागे घ्या असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. क्षमा त्यांची, शिक्षा कायद्याची, दोन्हींची गल्लत करू नका असा त्यांचा सूर होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मुख्य आरोपीची जन्मठेप कायम ठेवली.

बाकी अशी उदाहरणं ऐकली की मला जरा दडपायलाच होतं. मी अजून आमच्या इमारतीत माझ्या पार्किंगवर गाडी लावणाऱ्याला माफ केलेलं नाही.

केडगावकर
आमच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं संजीवन (धार्मिक जागृतीची लाट) झालं, त्याच्या आठवणी अजून सांगतात. मुली रडत, मोठमोठ्याने आपली पापं सांगत होत्या, प्रार्थना तासन् तास. त्यावर तेव्हाही टीका झालीच की हा नुसता भावनांचा पूर आहे. तेव्हा स्टेजवरच्या साक्षीचा वाद काही नवा नाही. पण या मुली दुष्काळातून, विधवापणातून आलेल्या. त्यांच्याकडे लुबाडलेली वाडी नव्हती.

नवा_जन्म
सगळे परतफेडीवर अडलात म्हणून एक विचारतो. तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने पैसे परत केले नव्हते का? मत्तय २७. तीस नाणी मंदिरात फेकली, "मी पाप केलं, निर्दोष रक्ताचा घात केला" अशी स्पष्ट कबुली दिली. कबुली झाली, परतफेड झाली, दुःख तर इतकं की गळफास घेतला. आणि दुसरा शिष्य पेत्र? येशूला ओळखतच नाही म्हणून तीनदा नाकारलं, नंतर नुसता रडला, एक पैसाही फेडला नाही. मंडळी कुणाच्या हाती सोपवली?

मांडवीतीर
नवा_जन्म, हा मात्र जबरदस्त मुद्दा. यावर काल रात्री झोप नाही.

मला सुचलं ते असं. यहूदाने पैसे दिले, पण कुणाला? ज्यांनी सुपारी दिली त्यांना. ज्याचा घात केला त्याच्याकडे गेलाच नाही. पेत्र किनाऱ्यावर येशू दिसताच नावेतून पाण्यात उडी टाकून गेला (योहान २१), आणि "माझ्यावर प्रीती करतोस का?" हे तीनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याला वाईट वाटलं असं लिहिलंय. तेवढं तोंडावर ऐकून घेणं हीच त्याची फेड.

तुमचा भाऊ कुणाकडे गेला? टाळ्या वाजवणाऱ्यांकडे.

नवा_जन्म
हे मान्य करावं लागेल. साक्ष देण्याआधी त्याने तुमच्या दारात यायला हवं होतं. मत्तय ५ मध्येही अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जा असंच आहे.

वाडीवाला
सगळ्यांचे आभार. शेवंताताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मत्तय १८ चा विषय निघालाच आहे तर, त्यात भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग असं आहे. धागा काढण्याआधी मी ते केलं होतं. तो प्रेमाने बोलला, चहा दिला. मी वाडीचा विषय काढला तर म्हणाला, "दादा, तो जुना मी मेला. आता ख्रिस्तात नवी उत्पत्ती आहे. मेलेल्या माणसाकडे कसला हिशेब?"

तिसरी_घंटा
उत्तम. मेला असेल तर वारसनोंद करा. मयताचं कर्ज त्याच्या मिळकतीतून फिटतं, आणि मिळकत नव्या माणसाच्या ताब्यात दिसते.

ओसाडगावकर
😂😂 धागा इथेच बंद करा.

टोरांटोकर
हिशेब मी केलाय. मुद्दल २०. नियमशास्त्राप्रमाणे पाचवा हिस्सा वर, २४ लाख. जक्कयाप्रमाणे ८०. वाडीवाला, जक्कयाकडून घासाघीस सुरू करा.

जोशीबुवा
हसून झालं, पण मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न राहिलाय. समजा तो शेवटपर्यंत "जुना मी मेला"च म्हणत राहिला. मग वाडीवाल्यांनी काय करायचं? तुमचं शास्त्र काय सांगतं?

नगरी_मिरची
जोशीबुवा, तुम्ही बाहेरचे म्हणता आणि नेमकं दुखतं तिथे बोट ठेवता. शास्त्रात दोन्ही आहे. लूक १७ म्हणतो, भावाने पश्चात्ताप केला *तर* क्षमा कर. मार्क ११ म्हणतो, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. तिथे "तर" नाही. आमच्या मंडळीत यावर दोन तट आहेत आणि दोघांचे पाळक चांगले आहेत.

माझ्यापुरतं सांगते. मार्क माझ्या मनाबद्दल बोलतो, सूड सोडण्याबद्दल. ते मला आज, एकटीला करता येतं. लूक नात्याबद्दल बोलतो. नातं जोडायला दोघं लागतात, ते मी त्याच्या वाटचं करू शकत नाही. आणि सूड सोडला म्हणजे येणं सोडलं असं कुठे लिहिलेलं नाही.

घाटवाट
पटलं. माझ्या "क्रम उलटा" ला एवढी पुरवणी जोडून घ्या.

वाडीवाला
शेवटचं लिहितो, मग वाचनमात्र.

मत्तय १८ ची दुसरी पायरी म्हणजे दोघा साक्षीदारांना घेऊन जाणं. आमचे फादर आणि त्याच्या संघाचे पाळक, दोघंही यायला तयार झालेत. पाळकांना वाडीची गोष्ट पूर्ण माहीतच नव्हती. व्हिडिओत "रक्ताची माणसं" एवढंच होतं ना. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला, म्हणाले, पुढची साक्ष मी तपासून मग देऊ देईन.

मी स्वतःपुरतं ठरवलंय. इतक्या वर्षांचं व्याज, पाचवा हिस्सा, चौपट, सगळं सोडलं. त्याला तसं सांगणार आहे, त्याने काहीही उत्तर दिलं तरी. पण मुद्दल बाबांचं होतं आणि आता आईचं आहे. बाबांना औषध मिळालं नाही हे माफ करायचा हक्क माझ्याकडे नाही, आणि आईचे पैसे माफ करायचाही नाही. ते तिने ठरवावं.

शेवंता
हे बरोबर आहे. दुसऱ्याच्या वाटची क्षमा परस्पर वाटून टाकणारे फार बघितले.

तिसरी_घंटा
आणि आई काय म्हणतात?

वाडीवाला
आई म्हणते, व्याज कुणाला विचारून सोडलंस?